मुरुमातला ओढा

आमच्या ओढ्याला नाव नाही. बालाघाटाच्या माथ्यावर, पाटोदा तालुक्यात, माळावरून खाली उतरणारे असे कितीतरी ओढे आहेत, त्यांतला हा एक. गावातले लोक नुसतं 'ओढा' म्हणतात, वरच्या वस्तीवरचे 'खालचा ओढा' म्हणतात, आणि खरेदीखतातल्या चतुःसीमेत तो 'पूर्वेस नाला' एवढाच असतो. सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशावर त्याची तुटक निळी रेघ आहे. तुटक म्हणजे बारमाही नव्हे, हे नकाशानं आधीच सांगून टाकलेलं.

पण हा ज्या माथ्यावरून निघतो तो माथा साधा नाही. इथं पडलेल्या पावसाला तीन वाटा आहेत. उत्तरेकडे उतरलं तर बिंदुसरेत, तिथून बीड शहरातून सिंदफणेत आणि पुढं गोदावरीत. पूर्वेकडे उतरलं तर मांजरेत. मांजरा इथल्याच गवळवाडीच्या डोंगरात उगम पावते आणि लातूर, बीदर, निजामसागर असा ७२४ किलोमीटरांचा वळसा घालून कंदकुर्तीला गोदावरीलाच मिळते. म्हणजे शेवटी पोचायचं तिथंच, पण वाट केवढी लांबची! आणि नैर्ऋत्येला उतरलं तर विंचरणेत. ती सौताड्याच्या कड्यावरून उडी घेते, जामखेडाकडे जाते, पुढं सीना, भीमा आणि कृष्णा. माथ्यावरच्या एखाद्या घराच्या एका पाख्यावरचं पाणी गोदावरीचं आणि दुसऱ्या पाख्यावरचं कृष्णेचं, असं इथं सहज होऊ शकतं. घरात राहणाऱ्याला पाणी टँकरचं, ती गोष्ट वेगळी.

आमचा ओढा मांजरेच्या वाटणीचा. त्याचं पाणलोट नकाशावर चौकटी मोजून काढलं तर जेमतेम शंभर हेक्टर भरतं. वर सपाट माळ, मग एक उतार, मग पुन्हा थोडी सपाटी, मग दुसरा उतार, आणि खाली काळी जमीन. सगळा बालाघाट असा पायऱ्यापायऱ्यांचा आहे आणि त्याचं कारण खडकात आहे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले. प्रत्येक लोटाचा मधला भाग घट्ट, उभ्या चिरांचा. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी भोकाभोकांचा. त्या भोकांत पुढं झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी असली पांढरी खनिजं भरली. दोन लोटांच्या मध्ये पुष्कळदा लाल-तांबडा मातकट पट्टा असतो. एक लोट थंड झाल्यावर त्याच्यावर माती तयार व्हायला जो काळ मिळाला तो काळ म्हणजे हा पट्टा. वरून दुसरा लोट आला आणि ती माती भाजून निघाली. आमच्याकडे त्याला गेरू म्हणतात. घट्ट दगडाचा उभा कडा होतो, भोकाचा दगड आणि गेरू झिजून सपाटी होते. कड्याखालचा मऊ थर पोखरला की वरचा दगड निराधार होऊन कोसळतो आणि धबधबा हातभर मागं सरकतो. सौताडा काय, कपिलधार काय, सगळे असेच मागं सरकत आलेले आहेत. त्याच मऊ थराच्या वर पाझर फुटतो आणि पाझर फुटला की तिथं महादेव असतो. बालाघाटातली कड्याखालची देवळं बघत गेलं तर खडकाचा नकाशा आपोआप तयार होईल, असं मला नेहमी वाटतं.

हे सगळं पुस्तकातून कळण्याआधी मला ते नानांनी दाखवलं. नाना आमच्या भावकीतले नव्हेत, पण गावातल्या निम्म्या विहिरी त्यांच्या हातच्या. पाणी बघायला आमच्याकडे पाणाड्या येतो, तळहातावर नारळ घेऊन फिरतो. कुठं कुठं पायाळू माणसाला चालवतात. नाना असल्या कशात पडायचे नाहीत. ते विहिरीच्या काठावर उकिडवे बसायचे आणि कडेचा दगड वाचायचे. वर हात-दीड हात माती. खाली मुरूम, दोन-तीन परस. परस म्हणजे साधारण पुरुषभर खोली. मग मांजऱ्या, म्हणजे तोच भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा दगड. मग गेरू. आणि त्याच्याखाली काळा पाषाण, ज्यात सुरुंगाशिवाय काही चालत नाही.

"ह्या तांबड्याच्या खाली जाऊ नगा," ते सांगायचे. "वरचं पानी त्यानंच धरलंय. त्यो फोडला तर पानी तुमचं ऱ्हानार न्हाई."

भूजलशास्त्राच्या भाषेत हेच सांगायला एक प्रकरण लागतं. गेरूचा थर चिकणमातीचा, त्यातून पाणी सहज जात नाही. म्हणून त्याच्या डोक्यावर मांजऱ्यात आणि मुरुमात पाणी साठतं आणि उतारावर जिथं हा थर उघडा पडतो तिथून ते बाहेर झिरपतं. आमचा ओढा अशाच एका ओळीतून सुरू होतो. करंजाच्या मुळांखाली दहा-पंधरा हात लांबीची ओल, तिथं हिरवं शेवाळ, आणि भिंतीला कान लावला तर थेंबांचा आवाज.

पावसाळा संपल्यावर ओढ्यात जे वाहतं ते पावसाचं पाणी नसतं. ते मुरुमातून येतं. मुरूम म्हणजे कुजलेला बेसॉल्ट, तोच लाव्हाचा काळा दगड. चिरांतून पाणी शिरतं, दगडाचे कोपरे झिजतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत जातात. मध्ये एखादा घट्ट गोटा उरतो. हातात घेऊन दाबला तर चुरा होणारा हा दगड आमच्या डोंगराची एकुलती एक टाकी आहे. मी एकदा हिशोब मांडून बघितला. शंभर हेक्टरांवर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर ६० कोटी लिटर पाणी होतं. हा पर्जन्यछायेचा भाग, यापेक्षा जास्त धरण्यात अर्थ नाही. भूजलाच्या सरकारी मोजमापात अशा खडकांत पावसाचा सात ते चौदा टक्के भाग मुरतो असं धरतात. म्हणजे सव्वाचार ते साडेआठ कोटी लिटर. आता टाकीचं माप घेऊ. मुरूम आणि मांजऱ्या मिळून सरासरी चार मीटर जाडी धरली आणि त्यातून सुटणारं पाणी घनफळाच्या दोन टक्के धरलं (एक ते तीन टक्के ही बेसॉल्टची मान्य मर्यादा), तर आठ कोटी लिटर. दोन्ही आकडे शेजारी ठेवले आणि मी जरा वेळ गप्प बसलो. टाकी एका चांगल्या पावसाळ्यात भरते आणि एका वर्षात रिकामी होते. पुढच्या वर्षासाठी शिल्लक अशी नाहीच. हे आठ कोटी लिटर दोनशे दिवस सारखं सुटत राहिलं तर दिवसाला चार लाख, म्हणजे तीन सेकंदांत एक घागर भरेल एवढी धार. माझ्या लहानपणी दिवाळीनंतर ओढ्याची धार साधारण तेवढीच असायची, असं आता आठवून वाटतं.

गावात ओढ्याचं आयुष्य सणांनी मोजतात. 'औंदा ओढा संक्रांतीला थांबला', 'त्या साली होळीला धुळवड ओढ्यात खेळलो' असं. आईच्या आठवणीत तो शिवरात्रीपर्यंत हमखास असायचा आणि पाडव्याला त्याच्या वाळूत झिरा, म्हणजे पाण्यासाठी खड्डा, काढला की दोन हातांवर पाणी लागायचं. ७२ च्या दुष्काळात झिऱ्यांच्या रांगा होत्या, बायका वाटीनं पाणी भरायच्या. आता दसरा ही त्याची हद्द. पाऊस कमी झाला का? दरवर्षी तसं म्हणता येत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात तर मराठवाड्यात असा पाऊस कोसळला की ओढ्या-नाल्यांकाठची शेतं खरडून गेली, सीनेकाठच्या गावांत माणसं छतांवर जाऊन बसली. इतका पाऊस होऊन गेला तरी टाकी तेवढीच. ती भरली की वरचा प्रत्येक थेंब पळून जातो, आणि जाताना माती घेऊन जातो.

काळ्या मातीचीही एक खोड आहे. उन्हाळ्यात तिला हात घालावा एवढ्या भेगा पडतात. पहिले दोन-तीन पाऊस या भेगांतून थेट खाली जातात. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि तीच जमीन पाणी आत घ्यायचं नाकारते. म्हणून मृगाचा पाऊस ओढ्यात दिसत नाही आणि हस्ताचा पाऊस ओढ्याबाहेर दिसतो.

पहिलं पाणी कसं येतं ते बघण्यासारखं असतं. थंड देशांतल्या ओढ्यांबद्दल वाचलं होतं की झाडांची पानं वाहत्या पाण्यात गळतात, त्यांवर बुरशी चढते, किडे ती खातात आणि ओढ्याचा संसार त्यावर चालतो. आमच्याकडे पानं गळतात माघ-फाल्गुनात, तेव्हा पात्र कोरडं असतं. धावडा, पळस, सालई, सीताफळ, करंज या सगळ्यांची पानं दगडांच्या सांदीत महिनोन्महिने साठून राहतात. वाळवी थोडी नेते, शेळ्या थोडी खातात. जूनमध्ये पहिला लोंढा येतो तो पाण्याचा कमी आणि पाचोळ्याचा जास्त, काळसर-तपकिरी, तोंडाशी फेस, वास तंबाखूच्या पाण्याचा. सगळ्या उन्हाळ्याचं अन्न एका दुपारी वाहून जातं. जे खडकांत, मुळांत आणि डोहांत अडकतं तेवढ्यावर पुढचे चार महिने काढायचे. म्हणून ओढ्यात वेडेवाकडे दगड, आडवी पडलेली खोडं आणि उघडी मुळं असणं किती मोलाचं आहे, हे मला फार उशिरा कळलं. ती साफ केलेला ओढा म्हणजे उपाशी ओढा.

अशा ओढ्यात राहायचं तर दोनच उपाय. पाणी गेलं की जमिनीत जायचं, नाहीतर निघून जायचं. खेकडे पहिल्या जातीचे. काठच्या मऊ मुरुमात ते ओलीपर्यंत बीळ नेतात आणि तिथं उन्हाळा काढतात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याच्या पिलांना समुद्रातल्यासारखी पोहती अवस्था नसते. मादी पोटाखाली अंडी आणि नंतर पिलं घेऊन फिरते, ती खाली उतरतात तेव्हा नखाएवढे पण पुरे खेकडेच असतात. एका आखूड ओढ्यात पिलं वाहून जाऊ नयेत म्हणून याहून चांगली सोय कोणती? बेडूकही मातीत पुरून घेतात. पहिल्या मोठ्या पावसानंतर मोठ्या बेडकांचे नर पिवळेधमक होऊन डबक्यात ओरडतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. दोन-चार दिवसांत तो रंग उतरतो. मरळ माशाला हवेतला श्वास घेता येतो, म्हणून तो डोह चिखल होईपर्यंत तग धरतो. बाकीचे मासे खालच्या नदीतून चढणीला येतात, निदान येत होते. मध्ये आता तीन बंधारे आहेत.

निघून जाणाऱ्यांतला सरदार एक चतुर आहे, पिवळसर, माळावर पावसाआधी थव्यांनी घिरट्या घालणारा. शास्त्रीय नाव पँटाला फ्लेव्हेसेन्स. तो तात्पुरत्या डबक्यात अंडी घालतो, अळी महिना-दीड महिन्यात वाढते आणि पाणी आटायच्या आत उडून जाते. पाऊस सरल्यावर हेच चतुर वाऱ्यावर स्वार होऊन अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात असं अभ्यासक मानतात. ज्या ओढ्याला गावाबाहेर कोणी ओळखत नाही त्याच्या डबक्यातलं पोर आफ्रिकेला जातं, याचं मला अजून अप्रूप आहे.

काठावरची झाडं आतल्या पाण्याची खूण सांगतात. उंबर आणि जांभूळ जिथं ओल कायम तिथं. करंज आणि निरगुडी त्याच्या जरा बाहेर. मग खैर, हिवर, बोर. आणि माळावर तरवड, कुसळी गवत. कुसळी वाळली की धोतरात कुसळं घेऊन घरी यायचं आणि आजी ती निवडत शिव्या द्यायची. हल्ली डोहांच्या कडेला बेशरम माजलीय आणि पडीक जमिनीत वेडी बाभूळ. मोर मात्र टिकून आहेत. शेजारीच १९९४ सालचं नायगाव मयूर अभयारण्य आहे. भल्या पहाटे मोर पाण्यावर येतात आणि पाणी नसेल तर ठिबकची नळी फोडतात, त्यावरून शेतकरी त्यांच्यावर चिडलेले असतात. त्यांचं चिडणं बरोबर आहे. मोराचंही.

हा भाग कायम एवढाच कोरडा होता असं मानायचं कारण नाही. मांजरेच्या खोऱ्यातल्या जुन्या गाळात हत्तीचे आणि पाणघोड्याचे जीवाश्म सापडलेत. मांजरेत पाणघोडा! लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच मांजरेत. पाणघोड्याला बारमाही डोह लागतात, म्हणजे कधीकाळी या खोऱ्याच्या टाक्या आजच्यापेक्षा कितीतरी उशिरा रिकाम्या होत असणार.

खाली खोल गेलं तर पाणी आहेच, हा समज आमच्याकडे घट्ट आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर (३० सप्टेंबर १९९३) तिथं शास्त्रज्ञांनी जे खोल छिद्र घेतलं त्यात बेसॉल्ट ३३८ मीटरवर संपला, खाली थोडा गाळाचा थर आणि मग अतिप्राचीन खडक. मराठवाड्याच्या पायाखाली एवढा दगड आहे हे खरं, पण जाडी म्हणजे साठा नव्हे. खालच्या भोकाभोकांच्या थरांत जे पाणी असतं ते फार हळू पोचलेलं असतं आणि एकदा उपसलं की लवकर भरत नाही. आमच्या पाणलोटात आता सहाशे-सातशे फुटांचे बोअर आहेत. कायद्यानं ६० मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली शेतीसाठी विहीर-बोअर घेता येत नाही. २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम तसं म्हणतो. बोअरच्या गाडीवर हा कायदा कुणी वाचून दाखवलेला मला आठवत नाही. वर पंचवीस-तीस फूट केसिंगचा पाइप टाकतात आणि खाली छिद्र उघडंच. ते गेरू फोडून जातं. नानांनी जो थर विहिरीत फोडू दिला नाही तो प्रत्येक बोअरनं फोडला, आणि वरच्या टाकीतलं पाणी त्या छिद्रातून खालच्या थरात उतरतं. बोअरवाल्याला वाटतं खालून पाणी लागलं. त्यातलं थोडंफार तरी ओढ्याचं असतं.

मग एका योजनेत ओढाच खोल केला. पोकलेन आलं, महिनाभर चाललं. पात्रातली वाळू, गोटे, खोडं, उंबराची मुळं सगळं काढून दोन्ही काठांना ढीग लावले आणि तीन मीटर खोल सरळ चर झाला. पहिल्या पावसात तो काठोकाठ भरला, लोकांनी जलपूजन केलं, फोटो काढले. मीही होतो त्या फोटोत. गाळ काढणं वेगळं आणि मुरूम कापून खालच्या पाषाणापर्यंत जाणं वेगळं. तसं झालं की काठातलं पाणी ओढ्यात झटपट रिकामं होतं. सहा महिन्यांत सुटायचं ते दोन महिन्यांत सुटतं आणि चरात उघडं पडून उन्हानं उडून जातं. दुसऱ्या वर्षी काठाचे ढीग पावसानं परत चरात आले. तिथं आता खेकड्याचं बीळ दिसत नाही. बीळ करायला मऊ काठच नाही.

वरून काम केलं की वेगळं घडतं, हे जालना जिल्ह्यातल्या कडवंचीनं दाखवलंय. मराठवाडा शेती साहाय्य मंडळानं नव्वदीच्या दशकात तिथं इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात माथ्यापासून सुरुवात केली: आधी डोंगरावर सलग समतल चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, ओढा सगळ्यात शेवटी. नंतर त्या गावात द्राक्षाचे मळे उभे राहिले. आमच्याकडचे लोकही बस करून बघून आले. आल्यावर चर्चा झाली ती द्राक्षांची.

तरीही खोलीकरणाचं एवढं मनावर घ्यावं असं मला आता वाटत नाही. चर बुजतो, मुळं पुन्हा फुटतात. खरं दुखणं गेल्या दोन वर्षांतलं आहे. खाली रस्त्याचं काम निघालंय आणि रस्त्याला मुरूम लागतो. तो कुठून आणणार? माळाच्या उतारावर आता गावातलं मोठं घर मावेल असा खड्डा आहे. दिवसभर हायवा, म्हणजे मोठे डंपर, चालतात. खड्ड्याची कड उभी कापलेली आहे, त्यामुळे डोंगर आतून कसा आहे ते बघायला याहून चांगली जागा नाही. मी शाळेतली पोरं घेऊन गेलो होतो. वर माती, मग पापुद्र्यांचा मुरूम, मग मांजऱ्या आणि तळाला गेरूची तांबडी रेघ. एका मुलीनं विचारलं, "सर, ओल कुठून येतीय?" गेरूच्या वरच्या अंगाला खड्ड्याची भिंत ओली होती. ओढ्याकडे जाणारं पाणी आता तिथंच बाहेर पडतं, खड्ड्यात साठतं, आणि हायवावाले त्यात चाकं धुतात.

मुरुमाचा हिशोब ब्रासमध्ये होतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, पावणेतीन घनमीटरांहून जरासं जास्त. मघाचे दोन टक्के इथंही लावले तर ब्रासभर मुरूम दर पावसाळ्यात सुमारे ५७ लिटर पाणी धरून सोडत होता. चार घागरी. पाच ब्रासची एक खेप म्हणजे वीस घागरी, आणि त्या एकदाच्या नव्हेत, दरवर्षीच्या. हे मी ग्रामसभेत फळ्यावर लिहून दाखवलं. मागं बसलेल्या एकानं विचारलं, "मग रॉयल्टीच्या पावतीवर पाण्याचं कलम कुठंय?" लोक हसले. तो हसला नव्हता. त्याची विहीर खड्ड्याच्या बरोबर खाली आहे.

नाना आता थकले आहेत, ऐकू कमी येतं. त्यांचा नातू बोअरच्या गाडीवर हेल्पर आहे. सरपंचांनी विषय पुढच्या सभेत घेतो म्हणून सांगितलंय. रस्ता दिवाळीच्या आत पुरा करायचा आहे, त्यामुळे तोवर खेपा चालूच राहतील.